शेवटच्या प्रयोगानंतर काय करायचं, अक्का?

गेल्या अंकात मी सहज लिहिलं होतं की नाटकवाल्यांनो तुमचं काय चाललंय ते कळवा, तर यावेळी आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सअॅपच्या मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर, शेवटचा प्रयोग. मला वाटलं होतं पाठांतराचं विचाराल, हॉलच्या भाड्याचं विचाराल. म्हणून आज सगळी जागा याच विषयाला देतेय. नावं कुणाचीच छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न : अक्का, मी शहापूरची, शाळेत शिकवते. आमच्या हौशी ग्रुपचं दोन अंकी नाटक दोन वर्षं चाललं, बेळगाव, निपाणी, खानापूर, चंदगड, कोल्हापूर असे २७ प्रयोग. मी त्यात सून होते. माझ्या नवऱ्याचं काम करणाऱ्या मुलाला पुण्यात नोकरी लागली, सासूचं काम करणाऱ्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, मग सगळे बसून ठरवलो की आता थांबवू. शेवटचा प्रयोग एकदम मस्त झाला, हाऊसफुल, लोक उभं राहून टाळ्या वाजवले, फोटोत मीच सगळ्यात जास्त हसतेय. आणि घरी येताना रिक्षात इतकी रडले की रिक्षावाले मामा गाडी बाजूला घेऊन पाणी दिले. आता महिना झाला तरी रविवारी संध्याकाळी सहा वाजले की काही सुचत नाही. परवा भाजी चिरताना दुसऱ्या अंकातलं एक वाक्य तोंडातून गेलं आणि समोरून उत्तर यायची वाट बघत तशीच बसले, सासूबाई (खऱ्या) विचारल्या, काय करूलालीस गं? घरचे म्हणतात नाटकच तर होतं, घरातलं कोण गेलं का. मला आनंद झालाय का वाईट वाटतंय हेच कळेना झालंय. हे जरा जास्तच आहे का?

उत्तर : अगं, जास्त नाही. तुझ्या त्या भाजीच्या गोष्टीतच सगळं आलंय. वाक्य तुझं पाठ आहे, पण नाटकातल्या वाक्याला समोरून उत्तर लागतं, आणि उत्तर देणारा बसलाय पुण्यात. चित्रकाराचं चित्र भिंतीवर राहतं, लिहिणाऱ्याचं पुस्तक कपाटात राहतं, आपलं कुठं राहतं? संहिता राहते पण ती वाचून नाटक कळत नाही. व्हिडिओ राहतो, तो मी माझ्या एका नाटकाचा दोनदा लावून दोनदा बंद केलाय, त्यात सगळे लांबून दुसऱ्याच कुणाची तरी नक्कल केल्यासारखे दिसतात. तुमचं नाटक तुम्ही आठ-दहा जण एका वेळी एका जागी जमलात तरच व्हायचं, आणि तेही समोर लोक असले तर. ते २७ वेळा झालं.

आणि बघ, ते थांबलं तेव्हा सगळ्यात चांगलं जमलेलं होतं. पहिल्या प्रयोगाला कुणाचा पाय कुठं, कुणाची एन्ट्री कुठं, विंगेतून वाक्यं सांगणाऱ्या प्रॉम्प्टरचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत. दहाव्याला जरा बसतं. विसाव्यानंतर नुसतं डोळ्याकडं बघून कळतं की आज हा पॉज लांब घेणार, आज काकूंचा गुडघा दुखतोय तर आपणच दोन पावलं पुढं जाऊन त्यांच्या हातातला तांब्या घ्यायचा, आणि प्रेक्षकांना वाटतं दिग्दर्शकानंच तसं बसवलंय. इतकं जुळायला दोन वर्षं गेली आणि जुळलं तसं थांबलं, त्यामुळं तुझा आनंद पण खरा आहे आणि रिक्षातलं रडणं पण खरं आहे, दोन्हीचं कारण एकच आहे, म्हणून ते तुला वेगळं काढता येत नाहीये.

माझं सांगते. १९९४ ची गोष्ट, माझं पहिलं मोठं काम, म्हातारीचं, मी तेव्हा पंचविशीत पण नव्हते. १९ प्रयोग झाले, शेवटचा खानापूर तालुक्यात एका गावात जत्रेच्या मांडवात. पडदा पडला, सगळे एकमेकांच्या गळ्यात, कुणीतरी कुंद्याचा बॉक्स फोडला, मग मी मेकअप काढायला बसले. खोबरेल तेल लावून पुसायला लागले तर आधी पांढरी भुवई गेली, मग कपाळावरच्या सुरकुत्या गेल्या, आणि माझा हात थांबला. आरशात अर्धं तोंड म्हातारीचं, अर्धं माझं. तिला मी परत भेटणार नव्हते. एरवी तेल लावून पाच मिनिटात तोंड धुवून मोकळी होणारी मी, त्या दिवशी किती वेळ तशीच बसले होते कुणास ठाऊक. बाहेर आले तर लाईटवाले मामा वायर गुंडाळत होते. ते कानडी, मराठी जेमतेम, पण १९ च्या १९ प्रयोग विंगेतून बघितलेले. मला म्हणाले, मुगीतेन्री अक्का? संपलं का. मी हूं म्हटलं. तर ते हातातली वायर खाली ठेवून माझ्या शेजारी उभे राहिले, काही बोलले नाहीत, आम्ही दोघं रिकाम्या स्टेजकडं बघत राहिलो. घरी मला कुणाला समजावून सांगता आलं नाही ते त्यांना आधीच कळलेलं.

त्या रात्रीपासून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसलीय. आपल्याकडं नाटक सुरू करताना काय काय करतो बघ, मुहूर्त काढतो, संहितेची पूजा, नटराजाची पूजा, नारळ, शुभारंभाच्या प्रयोगाला हार, पेढे, पेपरात फोटो. जुन्या संगीत नाटकात तर रोजच्या प्रयोगालासुद्धा आदी आणि अंत होता, नांदीनं सुरुवात, भरतवाक्यानं शेवट. पण नाटकच कायमचं थांबतं तेव्हा काय करतो? सेल्फी काढतो, मिस यू ऑल म्हणून मेसेज टाकतो, मग ग्रुप गप्प होत जातो आणि एक दिवस कुणीतरी ग्रुपमधून लेफ्ट झालेलं दिसतं. बास. शेवट केलेलाच नसतो आपण, तो नुसता होऊन गेलेला असतो.

लहानपणी खडेबाजारात जायचो तेव्हा रात्री दुकानदार दुकान बंद केलं म्हणायचे नाहीत, वाढवलं म्हणायचे. नारळ वाढवला, बांगड्या वाढवल्या, तसंच दुकान वाढवलं. मला वाटलं नाटकालाही तसंच म्हणावं. म्हणून पुढं आमच्या ग्रुपात आम्ही एक रीत पाडली की शेवटच्या प्रयोगानंतर सेट पूर्ण उतरेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. नायक असो, नायिका असो, प्रत्येकानं फ्लॅट म्हणजे सेटची भिंत उचलायची, खिळे वेचायचे, लेव्हल्स म्हणजे स्टेजवरचे चौथरे टेम्पोत चढवायचे. सगळं भरून झालं की स्टेज झाडायचं आणि त्या मोकळ्या स्टेजवर नारळ वाढवायचा, पहिल्या दिवशीसारखाच, खोबरं टेम्पोवाल्याला, वॉचमनला, लाईटवाल्याला, सगळ्यांना द्यायचं. भाषण कुणी करायचं नाही. मी सहा-सात नाटकांना असं केलंय आणि खरं सांगते, रडू तेव्हाही येतं, पण आपण ज्या भिंतीला टेकून दोन वर्षं संवाद म्हटले ती भिंत स्वतःच्या हातानं खाली उतरवली की संपलंय हे अंगाला कळतं. नाहीतर सेट कामगार उतरवतात, आपण रिक्षात बसून निघतो, आणि मनात तो घराचा सेट तसाच उभा राहतो लाईटसकट.

तुमचा महिना होऊन गेला तर हरकत नाही, उशिरा करा. काकूंचं ऑपरेशन होऊ दे, त्या जरा चालायला लागल्या की त्यांच्या घरी जमा, पुण्याच्या मुलाला गणपतीला गावाकडं येईल तेव्हा गाठा. नारळ आणा. आणि दुसऱ्या अंकातला तो भाग एकदा बसल्या बसल्या म्हणा, मेकअप नको, मोबाईलवर शूटिंग तर अजिबात नको. तू तुझं वाक्य म्हण आणि त्याला त्याचं उत्तर देऊ दे.

अजून एक सांगायचंय. तुम्हाला शेवटचा प्रयोग शेवटचा आहे हे माहीत होतं, हे सगळ्यांच्या नशिबात नसतं. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे, जन्म १८४३ चा, म्हणजे सांगलीत विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर झालं त्याच वर्षीचा. १८८० ला पुण्यात शाकुंतल उभं केलं, मग सौभद्र, मग रामराज्यवियोग लिहायला घेतलं, ते तीन अंकांवर असताना १८८५ मध्ये स्वतःच गेले. गायक नट केशवराव भोसल्यांनी ललितकलादर्श नाटक कंपनी काढली ती आपल्या हुबळीत, १९०८ साली. पुढं ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी आणि बालगंधर्वांनी मिळून संयुक्त मानापमान केलं, त्याबद्दल आजही लोक बोलतात, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच केशवराव गेले, वय ३१. जुलैत टाळ्या वाजवणाऱ्यांना कुठं ठाऊक होतं. आणि इतकं लांब कशाला, २०२० च्या मार्चमध्ये थिएटरं बंद झाली तेव्हा कितीतरी नाटकांचा शेवटचा प्रयोग होऊन गेलेला होता आणि तो शेवटचा होता हे कलाकारांना वर्ष-दीड वर्षानं कळलं. त्यांना विंगेत थांबून एकदा मागं बघायला पण मिळालं नाही. तुला मिळालं. म्हणून त्या हसऱ्या फोटोवर राग धरू नको, ती पण तूच आहेस.

घरच्यांवर पण नको. ते २७ मधला एखादा प्रयोग बघितले असतील, तोही खुर्चीत बसून.

प्रश्न : अनगोळहून लिहितोय. पुढच्या महिन्यात आमच्या नाटकाचा शेवटचा प्रयोग आहे. आमच्यातली पोरं म्हणतात शेवटचाच आहे तर जरा मज्जा करू, चहाच्या कपात मिठाचं पाणी, पत्रात भलतंच काहीतरी लिहून ठेवायचं, संहितेत नसलेल्या एक-दोन ॲडिशन घ्यायच्या. मी दिग्दर्शक आहे, नको म्हटलं तर मी खडूस ठरतोय.

उत्तर : ठरा खडूस. ही खोड सगळीकडं आहे, मोठ्या व्यावसायिक नाटकांतही असते म्हणतात, आणि मला ती कधीच आवडली नाही. तुमच्यासाठी शेवटचा असेल, पण त्या दिवशी हॉलमध्ये बसलेल्यातल्या बऱ्याच जणांसाठी तो पहिला आणि एकुलता एक आहे. हलग्याहून, सांबऱ्याहून बस पकडून आलेल्या बाईला तुमचं मिठाचं पाणी काय कळणार, तिला एवढंच दिसणार की गंभीर सीन चाललाय आणि नट हसू दाबतोय. मज्जा रंगीत तालमीसारखी आदल्या दिवशी एक धावती तालीम ठेवून त्यात करू दे, पोटभर करू दे, मिठाचं पाणी पण तिथंच प्या.

आणि उलट चूक पण करू देऊ नका, ती जास्त होते. शेवटचा म्हणून प्रत्येक जण प्रत्येक वाक्य ओलं करून म्हणतो, पॉज लांबतात, दोन तासांचं नाटक सव्वादोन तासांवर जातं, डोळ्यात पाणी आणून विनोदी वाक्य टाकलं की ते पडलंच समजा. पोरांना सांगा, रडायचं ते पडदा पडल्यावर. नेहमीच्या टायमिंगला नाटक संपलं पाहिजे, घड्याळ लावून बघा.

प्रश्न : निपाणी. जाहिरातीत 'अखेरचा प्रयोग' म्हणून छापतात, आम्ही कामधंदा सोडून तिकीट काढून जातो, आणि महिन्याभरात 'लोकाग्रहास्तव पुन्हा' म्हणून तेच नाटक परत लागतं. हे फसवणं नाही का?

उत्तर : एकदा झालं तर नाही, सारखं केलं तर हो. अखेरचा म्हटलं की गर्दी होते हे सगळ्या जगात आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द फँटम ऑफ द ऑपेरा' १९८८ पासून चालू होतं, सप्टेंबर २०२२ ला त्यांनी जाहीर केलं की फेब्रुवारी २०२३ ला थांबवतोय, तर तिकिटं अशी खपायला लागली की त्यांना आठ आठवडे वाढवावे लागले. पण मग १६ एप्रिलला खरंच थांबवलं, १३,९८१ प्रयोगांवर. तारीख एकदा पुढं ढकलली आणि शब्द पाळला, त्यात काही वावगं नाही. आपल्याकडं काही जण दर सीझनला अखेरचा म्हणतात त्याचा मला मनापासून राग येतो, कारण ज्यांचा खरोखर अखेरचा असतो त्यांचं पुढं कुणी खरं धरत नाही. 'तूर्तास शेवटचा' लिहा की, कुठं बिघडलं.

प्रश्न : अक्का, मी खानापूर तालुक्यातला, वय ६८. आमच्या गावात जत्रेला नाटक व्हायचं, माझ्या वडिलांच्या आधीपासून. मी स्वतः तीस वर्षं राजाचं काम केलो. पोरं आता गोव्यात, पुण्यात, बेंगळूरला, तालमीला दोन महिने गावात राहणार कोण. गेल्या वर्षी कसंबसं केलो, यंदा कमिटी ऑर्केस्ट्रा ठरवली. कुणी मुद्दाम बंद केलं नाही, पण आता होणार नाही हे मला कळतंय. घरात नाटकाची मोठी पेटी आहे, मुकुट, तलवारी, शेले, दाढ्यामिशा, आणि एक रंगवलेला राजवाड्याचा पडदा. मुलगा म्हणतो जुनं सामानवाल्याला देऊ. पेटी उघडली की वास येतो आणि मला दोन दिवस जेवण जात नाही. काय करू?

उत्तर : मामा, पेटी देऊ नका. मुलाला हा अंक वाचायला द्या.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शहापूरच्या मुलीच्या नाटकाला शेवटची तारीख तरी होती. तुमचं गेल्या वर्षीचं नाटक चालू असताना ते शेवटचं आहे हे माईकवर कुणी बोललं नाही, बक्षिसं नेहमीसारखी पुकारली असतील, अमक्यांकडून राजाच्या कामाला १०१ रुपये, पहाटे चहा पिऊन सगळे घरी गेले असतील. म्हणून ते तुम्हाला टोचतंय असं मला वाटतं.

आधी पेटीचं सांगते, कारण पाऊस तुमच्याकडं भरपूर आणि ओल आधी कापड खाते. पडद्याची घडी घालू नका, घडीवर रंग तडकतो, लांब वेळूवर सैल गुंडाळा, रंगाची बाजू बाहेर ठेवून, वरून जुनं धुतलेलं लुगडं, आणि माळ्यावर ठेवा, जमिनीवर नको. शेले सावलीत वारा लागेल असे एक दिवस टाका, उन्हात नको. जरीला डांबरगोळी लागू देऊ नका, काळी पडते, त्यापेक्षा वाळलेला कडुलिंब फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवा. तलवारींना तेलाचा हात. दाढ्यामिशा कागदात वेगळ्या. आणि पेटीत प्रॉम्प्टरची वही असेलच, जिच्यात पेन्सिलीनं कुठं हार्मोनियम वाजवायची, कुठं पडदा ओढायचा लिहिलेलं असतं, ती सगळ्यात मोलाची. मुकुट बाजारात परत मिळेल, ती वही कुठंच मिळायची नाही. नातवंडांपैकी कुणाला तरी बसवा आणि पानन् पान मोबाईलवर फोटो काढून घ्या.

मग तुमचं. ऑर्केस्ट्रावरून कमिटीशी भांडू नका, पोरांना नाटक नकोय असं नाही, त्यांना दोन महिने रजा नाहीये. त्यांच्याकडं फक्त एक तास मागा. जत्रेला सगळे गावात येतातच, तर ऑर्केस्ट्राच्या आधी एक प्रवेश, दरबाराचा असेल तर उत्तम, जुनी माणसं आहेत ती आणि गोव्याहून आलेली दोन-तीन पोरं वही हातात धरून. पाठांतर नको, तालीम आदल्या दिवशी संध्याकाळी देवळात. राजवाड्याचा पडदा मागं लावा. आणि सुरू करण्याआधी माईकवर स्पष्ट सांगा की आपल्या गावच्या नाटकाचा हा निरोपाचा प्रवेश आहे, आजवर कोण कोण कुठलं काम केलं त्यांची नावं वाचा, गेलेल्यांची पण, बायकांची कामं करायला बाहेरगावाहून येणाऱ्या नट्यांची पण, कारण त्यांची आठवण नेहमी शेवटी निघते. हे सगळं करून दहा वर्षांनी कुणी पोरगा पेटी उघडून परत नाटक बसवलं तर बसवू दे, तुम्ही निरोप दिला म्हणून ते अडत नाही.

मुकुट घालायला लाजू नका, ६८ ला राजाच शोभतो. नारळ मी घेऊन येते. तारीख तेवढी कळवा, आणि खानापूरहून तुमच्या गावाला शेवटची बस किती वाजता आहे ते पण.